विटाळलेली पाटी

आमच्या सासरी कांद्याला न्हाऊ घालत. ऐकणाऱ्याला ही थट्टा वाटते, म्हणून आधीच सांगते, मी थट्टा करत नाही. कार्तिकात बियाण्याचे कांदे लावायचे असले की आदल्या दिवशी घरातल्या सवाष्णींनी डोक्यावरून पाणी घ्यायचं, धुतलेलं लुगडं नेसून ओसरीवर बसायचं आणि एकेका कांद्याची वाळकी सालं काढून टाकायची. नुसता वरचा पापुद्रा नव्हे, आतला ओला, चकचकीत कांदा दिसेपर्यंत. मग तो पाण्यात धुवायचा, कुंकवाचं बोट लावायचं आणि जुन्या लुगड्याच्या धडप्यावर मांडायचा. माझे सासरे जोत्यावर उभे राहून बघत. एखाद्या कांद्याच्या बुडाला साल चिकटलेलं दिसलं की काठीनं दाखवत आणि म्हणत, "लक्षुमी हाय ती. तिला फाटक्या लुगड्यात जमिनीत घालता का?"

जमिनीत घातल्यावर तिला बघायला कोण येणार होतं, हे विचारायची त्या घरात सोय नव्हती.

ज्यांनी कांदा फक्त बाजारातून आणलाय त्यांच्यासाठी सांगते. कांद्याचं बी हवं असेल तर चांगला पोसलेला कांदा निवडून तो पुन्हा जमिनीत लावावा लागतो. त्याला उंच दांडा येतो, तो डोंगळा. डोंगळ्याच्या टोकाला पांढऱ्या फुलांचा गोंडा धरतो आणि उन्हाळ्याच्या तोंडी त्या गोंड्यात काळं बी तयार होतं. म्हणजे लावलेला कांदा चार-पाच महिने ओल्या मातीत धड राहिला तर बी, नाहीतर काही नाही. एवढी साधी गोष्ट.

सोलण्याची ही खोड आली डालीतून. आमचा मळा अंबडच्या वेशीबाहेर, कचेरीपासून हाकेच्या अंतरावर. राज्य निजामाचं. कचेरीत नवा साहेब आला की मळेवाल्यानं त्याच्या घरी भाजीची टोपली भेट पाठवायची, तिला डाली म्हणत. सासऱ्यांच्या डालीत पांढरा कांदा असायचा, सोलून सोलून अंड्यासारखा केलेला. कुणा साहेबानं कधीकाळी "बहोत खूब" म्हटलं असावं. तेवढ्या दोन शब्दांवर त्या माणसानं उभा जन्म काढला. साहेबाच्या ताटात जे शोभतं ते मातीतही शोभलंच पाहिजे, असा त्यांचा न्याय होता.

आणि दर वर्षी हे न्हाऊमाखू घातलेले कांदे निम्मेअधिक सडत. आधी पात पिवळी पडे. उपटून पाहिलं तर कांद्यावर काळ्या बारीक ठिपक्यांची कडी, एकात एक गोल, आणि वास असा की बैल मान फिरवी. सासरे याला 'धरतरीचा वाटा' म्हणत. बापआजापासून निम्मं जातंच, धरतरी घेतेच, असं अगदी समाधानानं सांगत. निम्मं घर जळालं असतं तर त्यालाही त्यांनी अग्नीचा वाटा म्हटलं असतं. उरलेलं बी पुरायचं नाही, मग जालन्याच्या बाजारातून आणायचं आणि गावात घरचं म्हणून सांगायचं.

माझं माहेर हसनाबादकडचं. तिथं माझ्या आईचा लाल कांदा होता. लाल म्हणजे जवळजवळ जांभळाच, जाड सालीचा, आणि तिखट असा की शेजारच्या घरात चिरला तरी आमच्या डोळ्यांना पाणी. लोक आपल्या मेलेल्या आयांना देव्हाऱ्यात बसवतात, मी बसवणार नाही. माझी आई आळशी होती. कांदा सोलणं सोडाच, त्याची माती झटकायचाही तिला कंटाळा. जसा असेल तसा भोकात टाकायचा, पायानं माती लोटायची आणि बांधावर मिसरी लावत बसायचं. तिचे कांदे सडत नसत. त्याचा तिला गर्वही नव्हता, कारण लावलेला कांदा सडतो हेच तिला ठाऊक नव्हतं.

माझ्या लग्नानंतर दोन-तीन वर्षांत आई गेली. भावाला मळ्यात रस नव्हता, त्याला जालन्याला कापसाच्या जिनात काम मिळालं होतं. त्यानं जमीन बटईनं दिली, विहिरीकडे पाठ केली आणि घरातलं सामान वाटून टाकलं. भावजयीनं पितळ घेतलं. मावशीनं लुगडी घेतली आणि वर रडलीही. मी छपराला टांगलेले कांदे मागितले तेव्हा त्या रडणाऱ्या बाईलासुद्धा हसू फुटलं. तीन पाट्या भरल्या. बैलगाडीत त्या पायाशी घेऊन मी अंबडला आले.

कांद्याचं बी फार टिकत नाही. एक पावसाळा गेला की त्याचा जीव निम्मा होतो, दुसरा गेला की ते माळावर फेकलं काय नि वाफ्यात टाकलं काय, सारखंच. म्हणून कांदा दर वर्षी लावला तरच वाण राहतो. आईचा कांदा आता कुणाकडेच नव्हता. त्या तीन पाट्या जगल्या तर तो राहणार होता, सडल्या तर संपणार होता. माहेर म्हणून बोट दाखवावं असं माझ्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं. त्या पाट्यांवर माझा जीव होता, हे मी सरळ कबूल करते.

सासऱ्यांनी त्या फुकटात आल्या म्हणून ठेवून घेतल्या. लाल कांद्याला ते 'कुणब्याचा कांदा' म्हणून नाक मुरडत. आम्ही स्वतः कुणबीच, पण कचेरीचा वारा लागला की माणसाला आपली जात आठवत नाही.

कार्तिक आला. सोलायचा दिवस ठरला. मी आदल्या संध्याकाळी सासूबाईंना हळूच म्हटलं, "आत्याबाई, आमच्या आईचे कांदे नका सोलू. तिनं कधी सोलले न्हाईत. तसेच लावू."

सासूबाई काही बोलायच्या आत ओसरीवरून आवाज आला. सासरे माझ्याशी कधी थेट बोलत नसत, मी समोर असले तरी बायकोला उद्देशून बोलत. "तिला म्हणावं, तिकडं हसनाबादला आंघोळी तरी करतेत का बराबर? हे अंबड हाय. इथं कचेरी हाय."

कचेरीचा आणि मातीतल्या कांद्याचा संबंध काय, हे मला आजतागायत कळलेलं नाही. मी चुलीकडे वळले. त्या वयात आणि त्या घरात सुनेनं गप्पच बसायचं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला कावळा शिवला. म्हणजे मी बाहेरची झाले. अंगणाच्या एका कडेला गोठ्याला लागून एक पडवी होती, ते दिवस बाईनं तिथं बसायचं, कशाला शिवायचं नाही, भाकरी कुणी दुरून वाढील ती खायची. मी पोतं अंथरून बसले तेव्हा लक्षातच आलं नाही की तिन्हीतली एक पाटी तिथं भिंतीशी ठेवलेली आहे. सासूबाई ती न्यायला आल्या आणि दारातच थबकल्या. माझा पदर पाटीच्या काठावर पडला होता.

"शिवलीस?"

"पदर लागला," मी म्हटलं.

"लागला म्हंजे शिवलीसच की!" त्या ओरडल्या. आतून थोरल्या जाऊबाई धावत आल्या, बघून गेल्या आणि सासऱ्यांच्या कानावर घालून आल्या. ओसरीवरून निकाल झाला. पाटी विटाळली. तिला आता कुणी सवाष्ण हात लावणार नाही, ती सोलली जाणार नाही, चांगल्या वाफ्यात जाणार नाही. फेकून द्यायची. पण फेकायची तरी हात लावूनच, आणि हात लावायला कुणी तयार होईना, म्हणून पाटी माझ्यापाशीच राहिली. मूर्खपणाचासुद्धा कधीकधी असा उपयोग होतो.

बाकीच्या दोन पाट्या त्या दोघींनी दिवसभर बसून सोलल्या. मला पडवीतून दिसत होतं. आईच्या कांद्याची जांभळी सालं अंगणभर उडत होती, कोंबड्या ती उकरत होत्या. धडप्यावर ते कांदे ओल्या, फिक्या गुलाबी अंगाचे पडले होते आणि सासरे काठी टेकून म्हणत होते, "आता कसं दिसून राह्यलंय!"

चौथ्या दिवशी माझं न्हाणं झाल्यावर मी माझी पाटी उचलली आणि वाफ्यांच्या पार शेवटी, जिथं पाटाचं उरलेलं पाणी जाऊन मुरायचं, तिथं तशीच लावून टाकली. त्या तुकड्यावर कुणाची नजर नव्हती. सासऱ्यांच्या लेखी तो उकिरडाच होता.

पुढं काय झालं ते शहाण्या वाचकानं ओळखलं असेल, पण आमच्या घरात कुणीही ओळखलं नाही. सोललेले कांदे आधी झकास फुटले. मग पौषात पात पिवळी पडू लागली. एक उपटला, काळी कडी. दुसरा उपटला, तळाशी चिखल. संक्रांतीपर्यंत दोन्ही पाट्यांचे वाफे बसले, शेजारचे घरच्या पांढऱ्याचेही बसले. डोंगळे आले ते हाताच्या बोटांवर मोजावेत इतके, आणि तेही वाकून गेले. धरतरीनं या खेपेला आपला वाटा सोडून सासऱ्यांचाही वाटा घेतला होता.

माझी पाटी मात्र उभी होती. त्यातलेही काही गेले, सगळे जगले असं खोटं मी सांगणार नाही. पण बाकीच्यांनी डोंगळे धरले, कमरेइतके.

आता कुणालाही वाटेल की घरात प्रश्न पडला असेल. पडला, पण कसला? सासऱ्यांनी ठरवलं की माझ्या विटाळानं कांदे सडले. मी जिथं शिवले नाही तिथले सडले, जिथं शिवले तिथले जगले, आणि दोष माझ्या शिवण्याचा! हे गणित त्यांनी कसं सोडवलं म्हणाल, तर "सावली" म्हणून. माझी सावली लांबून पडली म्हणे. मी पडवीत, उन्हाच्या उलट अंगाला, तिथून माझी सावली मळ्यापर्यंत पोचली असेल तर मी ताडाएवढी असले पाहिजे. वाफ्याच्या चार कोपऱ्यांना लिंबू आणि बिब्बे पुरले. कचेरीतला एक अंमलदार घोड्यावरून येऊन गेला. खाली न उतरता "बीज खराब है" म्हणाला आणि डाली घेऊन गेला.

आमचे हे, म्हणजे माझे यजमान, काय म्हणाले हे विचारू नका. ते बापापुढं काही म्हणत नसत, आणि बापामागंही फारसं नाही.

सोललेला सडतो आणि न सोललेला तगतो, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. का, ते मला ठाऊक नव्हतं. ते मला पुष्कळ वर्षांनी माझ्या पुतण्यानं सांगितलं. तो शेतकीचं शिकला आणि सुट्टीत घरी आला की जणू त्यानंच शोध लावलाय अशा थाटात सांगायचा. पण सांगायचा ते खरं होतं, ते मी नाकारत नाही. लाल कांद्याच्या त्या वाळक्या सालीत एक औषध भरलेलं असतं. माती ओली झाली की ते औषध ओलीत उतरतं आणि कांद्याभोवती पसरतं. मातीतली बुरशी कांद्यापर्यंत पोचायच्या आतच, तिचं बी रुजता रुजताच मरतं. पांढऱ्या कांद्याच्या सालीत ते नसतं, म्हणून आमचे पांढरे पिढ्यान् पिढ्या सडत. आणि लाल कांदा सोलला की तोही उघडा पडतो, कारण औषध वाळक्या सालीत, गरात नव्हे. झाडाला पळता येत नाही, म्हणून ते विष करायला शिकलं, असं तो म्हणायचा. कापलेलं वांगं काळं पडतं तीसुद्धा जखम बंद करायची त्याची रीत. मुळा चावला की नाकात झिणझिण्या येतात तोही मातीतल्या शत्रूसाठी ठेवलेला मार, आपण मधल्या मध्ये खातो.

म्हणजे त्या कांद्यानं जमिनीत जायच्या आधी अंगात चिलखत घातलं होतं, आणि माझ्या सासऱ्यांनी दोन बायका बसवून ते उतरवून घेतलं, वर कुंकू लावलं. मला हे कळलं तेव्हा सासरे हयात नव्हते. असते तरी मी सांगितलं नसतं. त्यांनी तेही सावलीवर घातलं असतं.

चैत्रात माझ्या पाटीचं बी तयार झालं आणि खरी गंमत तेव्हा झाली. घरात दुसरं बीच नव्हतं. विटाळलेल्या कांद्याचं बी घ्यायचं कसं? दोन दिवस सासरे जोत्यावर गंभीर बसून होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी बियावर गोमूत्र शिंपडलं आणि ते शुद्ध झालं. इतकं सोपं होतं. त्यातून रोप झालं, रोपातून कांदा झाला, आणि त्यांच्या डालीत कचेरीला गेला तो आता लाल कांदा, अर्थात सोलून. "आमच्या घराण्याचं वाण हाय हे," ते वाटूरच्या पाहुण्यांना सांगत होते. मी चुलीपाशी ऐकत होते. आईचा कांदा जगला यात मला इतका आनंद होता की त्यांच्या फुशारकीचा रागही नीट आला नाही.

राग आला तो पुढच्या लावणीला. निवडक कांद्यांच्या पाट्या ओसरीवर आल्या आणि सासऱ्यांनी हुकूम सोडला, "सोला. जल्दी आटपा." मला वाटलं होतं, माणूस एकदा तरी ठेचेनं शहाणा होतो. सासूबाईंनी अडखळत म्हटलं, "गेल्या खेपेला सोलले ते सडले ना?"

"ते विटाळानं सडले. औंदा विटाळ न्हाई."

बायका डोक्यावरून पाणी घ्यायला उठल्या. आता आईचा कांदा दुसऱ्यांदा मरणार हे मला स्वच्छ दिसलं. मी उठले, सरळ ओसरीवर गेले, सगळ्या पाट्यांना दोन्ही हात लावले आणि म्हटलं, "अगं बाई! मी बाहेरची झाले."

खोटं होतं. मला दहा-बारा दिवस अवकाश होता. पण उठलेल्या बायका दोन पावलं मागं सरल्या. सासरे तोंड फिरवून मळ्याकडे निघून गेले, कारण हा विषय पुरुषानं ऐकायचाही नव्हता. पाट्या पडवीत आल्या, माझ्याबरोबर. सालीसकट राहिल्या, सालीसकट लागल्या, आणि गोमूत्र बी झाल्यावर शिंपडलं गेलं.

त्यानंतर दर कार्तिकात मी अगदी वेळेवर बाहेरची होत गेले. पंचांगात लिहावं इतकी नियमित. सासऱ्यांना ते नशीब वाटायचं, "हिचं नेमकं लावणीलाच कसं येतं" म्हणून बायकोवर चरफडायचे. सासूबाई काही बोलत नसत. आता सासूला सुनेच्या दिवसांचा हिशेब पाठ असतो, हे कुठल्याही बाईला विचारा. घरात कोण कधी बाहेर बसलं, कुणाचं चुकलं, कुणाचं लांबलं, सगळं तिच्या बोटांवर. त्या बाईला पहिल्याच खेपेला कळलं असणार. पण मी त्यांना फारसं श्रेय देत नव्हते. नवऱ्यापुढं मान खाली घालून जन्मभर कांदे सोलणारी बाई, तिला काय कळायचंय, असं मी मनात म्हणत असे. माझा तिरस्कार त्या काळी भलताच उदार होता, सगळ्यांना पुरून उरायचा.

निजाम गेला त्या पोलीस अ‍ॅक्शनच्या आधी दोन-तीन वर्षं असतील, कार्तिकात मला सातवा महिना होता. पोट असं की पाटाचा दंड ओलांडताना कुणाचा तरी हात लागायचा. आता मी बाहेरची झाले असं कुणाला सांगणार? जाऊबाईंना, तुम्ही बाहेरच्या व्हा म्हणून, सांगून पाहिलं, त्यांनी कानावर हात ठेवले, "मी न्हाई बाई खोटं बोलायची, देवाचं काम हाय." सोलायचा दिवस उजाडला. मी चुलीपुढं बसून होते आणि मला रडू येत होतं, नुसत्या कांद्यासाठी, आणि त्या रडण्याची मला लाजही वाटत नव्हती. सगळ्या पाट्या ओसरीवर होत्या. सासरे कचेरीकडून यायच्या वाटेवर होते.

ते आले आणि त्यांचा आवाज ऐकू आला नाही, म्हणून मी दारातून वाकून पाहिलं. ओसरी रिकामी होती. पाट्या पडवीत होत्या, एकीवर एक, भिंतीशी. आणि त्यांच्यापुढं पोतं अंथरून, गुडघे पोटाशी घेऊन माझ्या सासूबाई बसल्या होत्या. डोईचे सगळे केस पांढरे, तोंडात दात मोजके. दहा वर्षं तरी झाली असतील त्यांचं ते सगळं थांबून.

"हे काय?" सासरे म्हणाले.

"बाहेरची झाले," सासूबाई म्हणाल्या. "पाट्यांना शिवले."

सासऱ्यांनी त्यांच्या पांढऱ्या केसांकडं पाहिलं. तोंड उघडलं. काय म्हणणार होते? तुझं वय झालं म्हणणार, की तुझं थांबलंय म्हणणार? ज्या गोष्टीचं नावही पुरुषानं काढायचं नाही असा नियम त्यांनी घराला घालून दिला होता, त्या नियमानं त्यांचंच तोंड मिटलं. काठी उचलून ते बाहेर गेले.

मी दारात तशीच उभी. त्या बाईविषयी आजवर मनात जे जे म्हटलं होतं ते सगळं एकेक करून आठवलं. सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं, पाट्यांवरचा पदर नीट केला आणि खेकसल्या.

"बघून काय राह्यलीस? मला भाकर वाढ. आन् दुरून वाढ, विटाळ हाय."